रविवारचा ढ-फळा

एक गाव होतं, पण त्याला वेस नव्हती, नदी नव्हती आणि एसटीही तिथं थांबत नव्हती. ते मोबाइलच्या आत वसलेलं होतं. कोडवस्ती त्याचं नाव. वेबसाइट बनवणारे आणि बनवायला शिकणारे लोक तिथं दिवसभर पडीक असायचे. कुणाचं पान उघडत नसलं, कुणाचं बटण दाबलं तरी ढिम्म हलत नसलं, की त्यानं तिथं विचारायचं आणि ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगायचं, एवढ्यासाठी ती वस्ती वसवलेली होती. निदान दारावरच्या पाटीवर तसं लिहिलं होतं: 'या, विचारा, शिका.'

या वस्तीत एक टिळेकर होता. सगळे त्याला सर म्हणायचे. शिकवत काहीच नव्हता, तरी सर. वस्तीत सगळ्यांच्या आधी आला, ही त्याची थोरवी. बसमध्ये आधी चढलेल्याला खिडकी मिळते, म्हणून काही तो ड्रायव्हर होत नाही. कोडवस्तीत मात्र होत असे.

काम त्याला येत होतं, ते नाकारून चालणार नाही. एके काळी तो सांगायचाही, न कंटाळता. मग वस्ती वाढली. नवे लोक तेच तेच विचारू लागले आणि टिळेकर वैतागला. वैतागलेला माणूस गप्प बसतो किंवा उठून जातो. टिळेकरनं दोन्ही केलं नाही. त्यानं एक हवालदार नेमला.

हवालदार म्हणजे माणूस नव्हे. टिळेकरनं स्वतःच्या हातानं लिहिलेला प्रोग्राम. कुणी 'मी नवीन आहे', 'चालत नाही', 'माझं चुकलं', 'काय चुकलं' असलं काही लिहिलं, की हवालदार डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या मजकुराला कुलूप घालायचा. मग त्याखाली कुणालाही उत्तर लिहिता येत नसे. वर हवालदाराचा शिक्का बसायचा: 'शोधा. वाचा. मग तोंड उघडा.' हे बोलही टिळेकरचेच. हवालदार लहानमोठा बघत नसे, कुणालाही पकडायचा. पण टिळेकरसारखी जुनी, थोर मंडळी कधी काही विचारायचीच नाहीत, त्यामुळे ती कधी सापडलीही नव्हती. आणि कुलूप दिसलं की वस्तीतले लोक खालचं न वाचताच पुढं सरकायचे. तशी सवयच पडून गेली होती.

एवढ्यावर भागलं नाही. दर रविवारी 'ढ-फळा' लागायचा. आठवड्यातला सगळ्यात बावळट प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासकट, आणि त्याखाली टिळेकर सरांचा एक टोमणा. प्रश्न निवडायचं काम पोतनीसकडे. हा पोतनीस टिळेकरचा उजवा हात. सरांच्या आधी हसायचं नाही आणि सरांच्या मागं राहायचं नाही, एवढं त्याला बरोबर जमायचं. रविवारी सकाळी चहाच्या कपाबरोबर सारी वस्ती तो फळा वाचायची आणि हसायची. ज्याचं नाव फळ्यावर असे तोही हसल्यासारखं करायचा. न हसून सांगतो कुणाला.

एकदा सांगोल्याकडची एक मुलगी वस्तीत आली. नाझनीन मुलाणी. तिच्या आईचा शिवणक्लास होता, त्याची साइट ती बनवत होती. मामेभावाच्या जुन्या लॅपटॉपवर, आपली आपण शिकून. तिनं विचारलं की फाइलमध्ये रंग बदलला, सेव्ह केलं, तरी पानावर जुनाच रंग दिसतो, तर माझं काय चुकलं? हवालदारानं कुलूप घातलं. रविवारी ती फळ्यावर झळकली. खाली टिळेकरचा टोमणा: 'आधी डोळ्यांचा नंबर तपासा, मग कोडचा.'

वस्ती खो खो हसली. नाझनीन त्यानंतर काही बोलली नाही. टिळेकरला ती आठवायचंही काही कारण नव्हतं. मारणारा विसरतो.

आता टिळेकर पोटापाण्यासाठी काय करायचा, तर आपल्या गावच्या नगरपालिकेची साइट सांभाळायचा. त्या साइटवर बाकी कुणी काही बघो न बघो, एक पान सगळं गाव बघायचं. कोणत्या गल्लीला कधी पाणी सुटणार, त्याचं पान. गावात पाणी रोज येत नसे. त्यामुळे बायाबापड्या ते पान बघूनच कामाचे खाडे, पाहुण्यांचं येणं आणि पोरांच्या आंघोळी ठरवायच्या.

उन्हाळ्यात मोठी जलवाहिनी फुटली आणि सगळ्या पाळ्या बदलल्या. नगरपालिकेनं नवं वेळापत्रक पाठवलं. टिळेकरनं ते साइटवर चढवलं, सेव्ह केलं आणि आंब्याचा रस खाऊन झोपला. उठून बघतो, तर पानावर जुनंच वेळापत्रक. पुन्हा चढवलं. पुन्हा जुनंच. ब्राउझर साफ केला, मोबाइल बदलला, सर्व्हर बंद करून चालू केला. जुनं ते जुनंच.

कुंभार गल्लीत पाणी पहाटे येऊन गेलं, आणि बाया पानावर भरवसा ठेवून दुपारी हंडे मांडून बसल्या. मारुतीच्या बोळात तेच. लोक नगरपालिकेत जाऊन भांडले. तिथल्या साहेबानं टिळेकरला फोन करून सांगितलं की आजच्या आज नीट करा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो आणि का बघितला तेही सगळ्यांना सांगतो. टिळेकरची बायको शालिनी रिकामी घागर घेऊन दारात उभी राहिली.

"अहो, तुमच्या साइटवर आपल्या गल्लीला आत्ता पाणी आहे," ती म्हणाली. "नळाला कुणी कळवलं नाही वाटतं."

टिळेकरचे कान तापले.

जे जे अवघड ते सगळं त्यानं तपासलं. सोपं काही तपासलं नाही. नवशिक्याची चूक आपल्या हातून होऊच शकत नाही, असं एकदा मनात धरलं की माणूस तिकडं बघतच नाही. घर धुंडाळतो आणि चावी हातात असते.

शेवटी एकच उरलं, कुणालातरी विचारायचं. पण विचारणार कुणाला? पोतनीसला विचारलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळणार. वस्तीत विचारलं तर सगळ्यांसमोर पागोटं उतरणार. टिळेकर सरांना पान बदलता येत नाही. या वाक्याची त्याला एवढी धास्ती वाटली, की उन्हात हंडे घेऊन बसलेल्या बाया त्यापुढं लहान वाटल्या. ही थोर माणसाची मापं.

मग त्यानं खोटं नाव घेतलं. दगडू काळे. आणि त्या नावानं तो आपल्याच वस्तीच्या दारात उभा राहिला. हवालदार कोणते शब्द पकडतो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते टाळून लिहायला तो बसला, तर दुसरे शब्दच सुचेनात. अडलेल्या माणसाला तेच शब्द सुचतात. हवालदार लिहिताना ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्यानं लिहिलं, मी नवीन आहे, फाइल बदलली, सेव्ह केली, पण पान जुनंच दिसतं, माझं काय चुकलं?

कुलूप पडलं. 'शोधा. वाचा. मग तोंड उघडा.'

आपलेच शब्द. लिहिले तेव्हा त्याला ते खुसखुशीत वाटले होते. आता त्यानं ते पुन्हा वाचले, आणि हसू आलं नाही. टिळेकर म्हणून ते कुलूप उघडता आलं असतं. पण मग पोतनीस विचारणार, सर, या दगडूचा एवढा कळवळा कशाला? त्यानं उघडलं नाही.

थोड्या वेळानं दगडूच्या नावानं एक खासगी निरोप आला. नाझनीन मुलाणीचा. वस्तीत एवढे लोक, पण फळ्यासाठी प्रश्न हुडकणारा पोतनीस सोडला, तर कुलूप पडलेले प्रश्न वाचणारी ती एकटीच होती. तिच्यावरही कुलूप पडलं होतं ना.

"मनाला लावून घेऊ नका. इथं सगळ्यांना तसंच करतात," तिनं लिहिलं होतं. "तुम्हाला दादा म्हणू का काका?"

टिळेकरनं लिहिलं, काका.

"मग काका, मला पण फार येत नाही. पण बसू दोघं मिळून."

आणि ती बसली. आधी तिनं त्याला काय काय करून बघितलं ते विचारलं. त्यानं सांगितलं. मध्येच आईनं तिला बटणं लावायला बोलावलं, तसं तिनं कळवलं की आलेच काका, जाऊ नका. टिळेकर गेला नाही. आपल्याला कुणी वाट बघायला सांगितली आणि आपण बघितली, असं त्याच्या बाबतीत किती वर्षांत झालं नव्हतं. परत येऊन तिनं एक साधी गोष्ट विचारली. तुम्ही जी फाइल बदलताय तीच तुमची साइट वाचते, हे कशावरून?

टिळेकरला राग आला. हे काय विचारणं झालं? मग त्याच्या लक्षात आलं, हे आपण तपासलंच नव्हतं.

तिनं पुढं लिहिलं होतं, "त्या फाइलीत मुद्दाम काहीतरी मोडा. पान मोडलं तर फाइल बरोबर. नाही मोडलं, तर काका, आपण भलत्याच दारावर थापा मारतोय. माझं तसंच झालं होतं. लॅपटॉपवर दोन प्रती होत्या आणि मी नको तीच रंगवत बसले होते."

ही युक्ती टिळेकरला ठाऊक नव्हती असं नाही. जुन्या दिवसांत तो स्वतःच ती लोकांना सांगायचा. त्यानं फाइल मोडली. पान जसंच्या तसं राहिलं.

मग त्यानं सर्व्हर उघडला आणि आपला संसार बघितला. मोडेल बिडेल या भीतीनं दर वेळी सगळ्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवायची, ही त्याची जुनी खोड. तिथं 'पाणी' होतं, 'पाणी-नवीन' होतं, 'पाणी-अंतिम' होतं आणि 'पाणी-अंतिम-खरं' होतं. साइट चालत होती 'खरं'वर. टिळेकर वेळापत्रक चढवत होता 'अंतिम'मध्ये. दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर त्यानं त्याला वर्षभर फळ्यावरून उतरू दिलं नसतं.

वेळापत्रक खऱ्या फोल्डरमध्ये गेलं. पान बदललं. दुसऱ्या दिवशी कुंभार गल्लीनं वेळेवर पाणी भरलं. साहेबाचा फोन आला की झालं बरं का, शेवटी तुम्ही ते तुम्हीच. शालिनीनं भरलेली घागर आत नेताना त्याच्याकडे बघून मान डोलावली. टिळेकरनं मान खाली घातली.

नाझनीननं विचारलं होतं, काका, जमलं का? त्यानं लिहिलं, जमलं. आभार मानायला हात उचलला नाही. दगडूनं आभार मानले तर ते खोटे, आणि टिळेकरनं मानायचे तर नाव सांगावं लागणार.

पोरीला मात्र आनंद झाला. तिनं वस्तीत सगळ्यांसमोर लिहिलं की दगडू काकांच्या कुलूप पडलेल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं आहे, ते असं असं. आणि शेवटी एक ओळ घातली. "ज्यांना इथं विचारायची लाज वाटते त्यांनी मला विचारा. मला सगळं येत नाही, पण मिळून शोधू."

ही ओळ थोर मंडळींना झोंबली. कालची पोर, आणि आमच्या दारात आमच्याशिवाय दुकान मांडते? न येणाऱ्यानं सांगायचं कसलं? एवढे दिवस येणाऱ्यांनी काय सांगितलं होतं, हे कुणी विचारलं नाही. पोतनीसनं लगेच दगडू आणि नाझनीन दोघांनाही त्या रविवारच्या फळ्यासाठी निवडलं आणि सरांना निरोप धाडला.

"सर, या खेपेला जोडी सापडलीय. एक कडक ओळ येऊ द्या."

टिळेकरसमोर आता दोन सरळ वाटा होत्या. एका ओळीत सांगता आलं असतं की दगडू मी आहे. किंवा निदान म्हणता आलं असतं की या रविवारी फळा नको. एवढंही पुरलं असतं. त्यानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग त्याच्या मनात आलं, आपण टोमणा दिला नाही तर पोतनीसला संशय येईल. आणि ज्या हातानं तो हंडे भरून देणाऱ्या पोरीचे आभार मानू शकला नव्हता, त्याच हातानं त्यानं ओळ लिहून दिली.

रविवारी फळा लागला. 'आंधळ्याला आंधळीनं वाट दाखवली. विहीर जवळच आहे.'

वस्ती हसली. पोतनीस सगळ्यात जास्त हसला. टिळेकरनं चहा प्यायला नाही. कप तसाच गार होऊन त्यावर साय धरली.

दुपारी दगडूच्या नावानं निरोप आला. त्याला वाटलं, आता ती चिडली असेल, वस्तीला शिव्या घातल्या असतील. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं लिहिलं होतं:

"काका, मी तिथं लिहायला नको होतं. माझ्यामुळे तुमचं पण नाव फळ्यावर गेलं. माफ करा."

त्याच्या खाली आणखी काही नव्हतं. वस्तीत जाऊन बघतो, तर नाझनीन मुलाणी वस्ती सोडून गेली होती.

टिळेकर खुर्चीत बसून राहिला. जिनं त्याचं गाव तहानेपासून वाचवलं, जिला त्यानं दोनदा चारचौघांत नागवलं, ती त्याची माफी मागून गेली होती. बाहेर शालिनी कुणाशी तरी बोलताना हसली, तर त्याला वाटलं आपल्यालाच हसतेय.

मग त्यानं दगडूचं नाव मिटवलं. आपल्या नावानं वस्तीत गेला आणि सगळं लिहिलं. दगडू काळे मीच. नवशिक्याची चूक केली. विचारायची लाज वाटली म्हणून तोंड लपवलं. नाझनीन मुलाणी या मुलीनं हात दिला आणि मी तिला फळ्यावर टांगलं. माझं चुकलं.

कुलूप पडलं.

'शोधा. वाचा. मग तोंड उघडा.'

हवालदार लहानमोठा बघत नसे. टिळेकर त्या शिक्क्याकडे बघत राहिला. लोक त्यावरून भराभर पुढं सरकत होते. कुणी थांबत नव्हतं. कुलुपाखालचं मनापासून वाचणारं वस्तीत एकच माणूस होतं आणि ते आता नव्हतं.

बऱ्याच वेळानं पोतनीसचा निरोप आला. "सर, तुमचं अकाउंट कुणी हॅक केलंय का? तुमच्या नावानं काहीतरी रडकं लिहून पडलंय. पुसून टाकू?"

अजूनही दार उघडं होतं. हो, हॅक झालं, एवढं म्हटलं की सुटला असता. टिळेकर त्या ओळीवर बराच वेळ घुटमळला. घुटमळला, हेही लिहून ठेवलं पाहिजे. मग त्यानं उत्तर दिलं, "पुसू नकोस. मीच लिहिलंय."

पोतनीसला ते कळलं नाही. त्याला वाटलं, सरांनी काहीतरी नवा विनोद काढलाय. त्यानं हसून घेतलं.

टिळेकरनं हवालदाराला कायमची सुट्टी दिली आणि जुने सगळे ढ-फळे उतरवले. उतरवताना त्याला एकेक नाव वाचावं लागलं. त्यातलं जवळजवळ कुणीच आता वस्तीत नव्हतं. आपण म्हणत होतो हल्लीची पोरं शिकत नाहीत, टिकत नाहीत. टिकतील कशी? दारावर 'या' लिहून आत काठी घेऊन बसलो होतो.

वस्ती सोडली तरी खासगी निरोप पोचायचा, म्हणून शेवटी त्यानं नाझनीनला आपल्या खऱ्या नावानं लिहिलं. फार लांब लिहिलं. त्यात जलवाहिनी होती, कुंभार गल्ली होती, चार फोल्डर होते, आणि परत या अशी विनंती होती. तिनं वाचल्याचं दिसलं. उत्तर यायला उशीर लागला. ते एवढंच होतं.

"सर, पाणी वेळेवर येतंय ना आता? मग झालं."

ती परत आली नाही. वस्तीत आता कुणी नव्या माणसानं काही विचारलं की टिळेकर लगेच उत्तर देतो, आणि शेवटी एक ओळ जोडतो की विचारलंत ते बरं केलंत. नव्यांना ती ओळ आवडते. ती नेमकी कुणासाठी लिहिलेली आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

तात्पर्य: न येणं ही लाजेची गोष्ट नाही, विचारणं तर नाहीच. विचारणाऱ्याला जो लाजवतो, त्याच्यावर विचारायची वेळ आली की स्वतःचं नावही सांगता येत नाही. आणि मागाहून मागितलेली माफी खरी असली, तरी गेलेलं माणूस तिच्यासाठी परत येत नाही.